नांदूर मधमेश्वर : एक दिवस, एकच जागा आणि वीतभर पाणी

पाणथळकर
रविवार, रात्री १०.२०

नांदूर मधमेश्वरला मी गेली काही वर्षे दर हिवाळ्यात जात आलो आहे आणि परतताना दर वेळी वहीत किती नावे जमली याचाच हिशोब केला आहे. सकाळी एका मनोऱ्यावर तासभर, मग दुसऱ्या काठावर, दुपारी बांधाबांधाने तिसरीकडे, असे फिरले की यादी लांबते आणि समाधानही वाटते. परंतु त्या यादीतला एखादा पक्षी तिथे नेमके काय करत होता, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे फारसे हाती नसते. म्हणून या जानेवारीत मी ठरवले की उजाडण्यापूर्वी एका जागी बसायचे आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलायचे नाही. तो दिवस कसा गेला ते लिहीत आहे. थोडे लांबेल.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा बांधला गेला आणि त्यातून गोदावरीचे डावे व उजवे कालवे निघाले. हेतू शुद्ध सिंचनाचा होता, पक्षी कोणाच्याही मनात नव्हते. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. त्यातून उथळ पाणी, चिखलाची बेटे, पाणगवत आणि पाणकणसांची दाटी तयार झाली. जलाशयाच्या हिशोबाने जे नुकसान, ते पक्ष्यांच्या हिशोबाने घर ठरले. १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटरचा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० च्या जानेवारीत ही जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. नावात अरण्य असले तरी इथे रान शोधू नये. ऊस, द्राक्षे, गहू यांच्या मधोमध पसरलेले हे पाणी आहे, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या मुलखात ते असल्यामुळेच त्याला एवढे मोल आहे.

पोहोचलो तेव्हा धुके होते. दुर्बिणीचा उपयोग नव्हता, त्यामुळे पहिला पाऊण तास कानांवरच भागवावा लागला. अडईंची शिट्टी, तरंग बदकांची त्याहून बारीक आणि घसरत जाणारी शिट्टी, आणि मधूनच चक्रवाकांचा अनुनासिक, पोकळ नळीतून यावा तसा हुंकार. रात्रभर एकमेकांना हाका मारणाऱ्या विरही चक्रवाक-चक्रवाकीची कविकल्पना आपण सगळ्यांनी वाचलेली असते. प्रत्यक्षात ही जोडी दिवसा जितकी जवळ असते तितकीच रात्रीही असते. मात्र धुक्यात, एक हाक उजवीकडून आणि तिचे उत्तर डावीकडून येताना ऐकले की त्या कवीला दोष द्यावासा वाटत नाही.

साडेसातच्या सुमारास धुके विरळ झाले आणि समोरचे दृश्य पट्ट्यापट्ट्यांनी उघडत गेले. हे पट्टे मी यापूर्वी पाहिलेच नव्हते, असे आता म्हणावे लागेल. माझ्या पायापासून चाळीसेक पावलांवर ओला चिखल होता. त्यावर कंठेरी चिखल्या दोन पावले धावायच्या, थबकायच्या, टोच मारायच्या आणि पुन्हा धावायच्या. त्यांच्या पलीकडे, जिथे चिखलावर पाण्याचा नुसता मुलामा होता, तिथे छोटे टिलवे शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत होते. त्यापुढे ठिपकेदार तुतवार, मग घोट्याएवढ्या पाण्यात काळ्या शेपटीचे पाणटिवळे, चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून. त्यांच्यापुढे शेकाट्या. एवढे लांब पाय असूनही ते अंग फारसे ओले होऊ देत नाहीत आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून भक्ष्य टिपतात. शेकाट्यांच्या पलीकडे बदके सुरू झाली. आधी चक्रांग, मग थापटे आणि गडवाल, मग लांब मानेची तलवार बदके आणि अगदी मागे, खोल पाण्यात, बुडी मारणाऱ्या लालसरी व त्यांच्यासोबत वारकरी हे काळे पाणपक्षी.

पक्षी जणू आपापल्या उंचीप्रमाणे रांगेत उभे केले होते. लहान टिलव्यांना चार-पाच सेंटिमीटरहून अधिक पाणी चालत नाही. पाणटिवळ्यांसारख्या मोठ्या चिखलपक्ष्यांची मर्यादा साधारण पंधरा सेंटिमीटरांची. पृष्ठभागावर चरणारी बदके शेपूट वर करून डोके बुडवतात आणि मान पोहोचेल तेवढेच खातात, म्हणजे त्यांचा पल्ला वीत-दीड वीत. बुडी मारणाऱ्यांना याहून खोल पाणी लागते. हे आकडे मी पूर्वी वाचले होते, पण ते समोर मांडून ठेवलेले पाहायला एका जागी बसावे लागले.

थाप्यासारख्या चोचीचे थापटे बदक आपण सगळेच ओळखतो, त्यामुळे त्याच्याकडे पुरेसे पाहत नाही. त्या दिवशी बारा-पंधरा थापट्यांनी वर्तुळ धरले होते आणि प्रत्येक जण पुढच्याच्या मागे पाणी गाळत फिरत होता. पुढच्याच्या पायांनी पाणी ढवळले जाते, बारीक जीव वर येतात आणि मागच्याच्या चोचीच्या कडेला असलेल्या कंगव्यासारख्या दातऱ्यांत ते अडकतात. वर्तुळात सगळेच कोणाच्या तरी मागे असतात, म्हणून सगळ्यांना मिळते. वीस मिनिटे मी दुसरे काहीही पाहिले नाही.

दहाच्या सुमारास दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी पाणकणसांवरून कमी उंचीवर उडत आली. गडद तपकिरी अंग आणि साईच्या रंगाचे डोके. ती दिसताच सगळे पाणी उठले. या गोंधळात एक गोष्ट मात्र ध्यानात आली. बदके उडाली, वारकरी उडाले नाहीत. ते एकमेकांकडे सरकत जाऊन काळ्या चटईसारखे घट्ट गोळा झाले. वारकऱ्याला उडायचे तर पाण्यावर लांबवर पावले आपटत धावावे लागते, त्यामुळे गर्दीत लपणे त्याला स्वस्त पडत असावे. भोवत्या मादी दोन घिरट्या घालून रिकाम्या हाताने गेली. पाणी पुन्हा भरायला पंचवीस मिनिटे लागली.

दुपारी बहुतेक पक्षी झोपले. बदकांचे चरणे मोठ्या प्रमाणावर रात्री चालते, म्हणून त्यांची दुपार ही आपली मध्यरात्र समजावी. अशा वेळी आपल्यातले अनेक जण जेवायला निघून जातात. मीही एरवी गेलो असतो.

समोर पाण्याच्या कडेला एक जुना लाकडी खुंट उभा आहे. सकाळी त्याच्या अंगावरची हिरवट खूण पाण्याच्या चार बोटे वर होती. दोन वाजता ती पाण्याला टेकली होती. साडेचारला दिसेनाशी झाली होती. एवढ्या सपाट जागी चार-सहा बोटे पाणी चढणे म्हणजे काय, ते चिखलाकडे पाहून कळले. चाळीस पावलांवरचा चिखल नाहीसा झाला होता आणि पाणी माझ्यापासून दहा पावलांवर आले होते. टिलवे आणि चिखल्या तासाभरातच गेले. पाणटिवळे पोटापर्यंत बुडेतो थांबले आणि मग एकदम उठून पश्चिमेकडच्या बेटावर उतरले. शेकाट्यांना फरक पडला नाही. चक्रांग मात्र सकाळी जिथे चिखल्या धावत होत्या त्या बुडालेल्या गवतात शिरले आणि अधाशासारखे खाऊ लागले. सगळी रांग चाळीस पावले पुढे सरकली होती आणि रांगेच्या आघाडीवर असलेल्यांना उभे राहायला जागाच उरली नव्हती.

सूर्य मावळताना क्रौंच आले. ते रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कारण पाण्यातून कोणी चालत आले तर आवाज होतो. ते आपल्या नेहमीच्या जागेवर, म्हणजे गेल्या वर्षी मी पाहिले होते तिथे, पाय सोडून खाली आले, पुन्हा वर उठले, दोन फेऱ्या मारल्या आणि बऱ्याच अंतरावर उतरले. खोली पसंत पडली नसावी, असा माझा तर्क आहे.

एकूण ५४ प्रजाती. हलत्या दिवसांच्या मानाने ही यादी आखूड आहे. जाणकारांना माझे दोनच प्रश्न आहेत. एक, दुपारी पाणी का चढले? दोन, ज्या पाण्यावर हे सगळे अवलंबून आहे त्याची पातळी ठरवताना पक्ष्यांचा विचार कुठे होतो का?

---

गोदाकाठ
रविवार, रात्री ११.०५

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सोपे आहे. रब्बीचे आवर्तन, म्हणजे रब्बी पिकांसाठी ठरलेले दिवस कालव्यांतून सोडले जाणारे पाणी. वर गोदावरीवर गंगापूर, दारणेवर दारणा आणि कादव्यावर पालखेड ही धरणे आहेत. तिथून सोडलेले पाणी नदीपात्रातून बंधाऱ्यापर्यंत येते आणि इथून कालव्यांत वळवले जाते. कालव्याला पुरेसा जोर मिळावा यासाठी बंधाऱ्यामागची पातळी आधी वर आणावी लागते. म्हणजे तुम्ही ज्याला चढलेले पाणी म्हणता ते खाली वाट पाहणाऱ्या गव्हाचे आणि उसाचे पाणी आहे. पावसाळ्यात हाच बंधारा पुराचे पाणी खाली जायकवाडीकडे जाऊ देतो. त्या काळात पातळीचा प्रश्नच नसतो, सगळे बेटच पाण्याखाली जाते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर हा बंधारा सिंचनासाठी आहे आणि सिंचनच थांबले तर तो राखण्याचे कारणही उरणार नाही. पक्षी त्या व्यवस्थेचे पाहुणे आहेत. हे कटू वाटेल, पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे त्याच्या बाजूनेही एकदा हा धागा वाचून पाहावा.

---

तुतवार
सोमवार, सकाळी ७.५०

लेख आवडला, विशेषतः थापट्यांचे वर्तुळ. पण एका ओळखीबद्दल मला शंका आहे. तुम्ही धाग्यासोबत जोडलेल्या तिसऱ्या छायाचित्रात गवताच्या कडेला जो टिलवा आहे त्याला तुम्ही छोटा टिलवा म्हटले आहे. पायांकडे पाहा. ते पिवळट हिरवे आहेत. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात. शिवाय या पक्ष्याची पाठ एकसारखी राखी-तपकिरी आहे, छातीवर करडा पट्टा आहे आणि तो उघड्या चिखलावर नसून गवताच्या आडोशाने हळूहळू टिपतो आहे. हा टेमिंकचा टिलवा आहे. उडाला असता तर शेपटीच्या कडेची पांढरी पिसे दिसली असती आणि तो सरळ वर चढत गेला असता.

हे मुद्दाम सांगतो आहे, कारण तुमच्याच मुद्द्याला ते बळ देते. दोन्ही पक्षी आकाराने जवळपास सारखे असूनही पट्टा वेगळा धरतात. एकाला मोकळा चिखल, दुसऱ्याला झाकलेली कड. पाणी चढल्यावर छोटा टिलवा बेटावर गेला असेल, परंतु टेमिंकचा टिलवा गवताची नवी कड शोधत बांधाकडे सरकला असेल. तिकडे पाहिले होते का?

---

पाणथळकर
सोमवार, सकाळी ९.१५

चूक मान्य. पायांचा रंग दिसूनही मी तो चिखलाचा समजलो. बांधाकडे मी पाहिले नाही, कारण तो माझ्या पाठीमागे होता आणि दिवसभर माझे सगळे लक्ष पाण्याकडे. एका जागी बसण्याचाही हा तोटा आहे, की माणूस एकाच दिशेला तोंड करून बसतो.

गोदाकाठ, तुमचा मुद्दा मला पटतो आणि तो कटूही वाटत नाही. फक्त एवढेच म्हणतो की पाणी द्यावे की न द्यावे असा हा वाद नाही. किती दिवसांत किती चढवावे, एवढाच प्रश्न आहे. चार बोटे पाणी चार तासांत चढणे आणि चार दिवसांत चढणे, यांत शेताला फारसा फरक पडू नये. चिखलपक्ष्यांना मात्र पडतो, कारण हळू सरकणाऱ्या कडेसोबत ते सरकत राहू शकतात.

---

गोदाकाठ
सोमवार, दुपारी १.३०

शेताला फरक पडतो. आवर्तन ठरलेल्या दिवसांचे असते, आणि पातळी यायला चार दिवस गेले तर तेवढे दिवस शेवटच्या चारीला, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या शेवटच्या पाटाला, कमी मिळतात. वरच्या चारीवाल्याला काही फरक पडणार नाही, हे खरे.

---

दुर्बीणवाला
सोमवार, दुपारी २.१०

नवखा आहे, म्हणून प्रश्न साधाच आहे. अशा जागी ८×४२ दुर्बीण घ्यावी की १०×४२? आणि गेल्या ऑक्टोबरात मी गेलो होतो तेव्हा सगळी बदके तपकिरीच दिसली. नर कुठे गेले होते?

---

तुतवार
सोमवार, दुपारी ४.००

नर तिथेच होते. विणीनंतर नर बदके भडक पिसे टाकून मादीसारखा फिका पिसारा धारण करतात. त्याच काळात उडण्याची मोठी पिसे एकाच वेळी गळतात, त्यामुळे काही आठवडे त्यांना उडताच येत नाही आणि भडक रंग जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पोहोचतात तेव्हा उडण्याची पिसे नवी आलेली असतात, पण अंगावरचा फिकेपणा अजून उतरलेला नसतो. डिसेंबर-जानेवारीत जा, तेच नर ओळखू येणार नाहीत इतके सजलेले असतील. तोवर रंग सोडून चोचीचा आकार आणि पंखावरचा चकाकता पट्टा पाहण्याची सवय लावून घ्या. थापट्याची चोच कोणत्याही पिसाऱ्यात लपत नाही.

दुर्बिणीचे म्हणाल तर ८×४२. दहापट मोठे दिसते तसा हाताचा कंपही दहापट होतो आणि दृष्टिक्षेत्र अरुंद होते. नांदूरसारख्या विस्तीर्ण पाण्यावर दूरच्या बदकांसाठी शेवटी तिपाईवरची स्पॉटिंग स्कोपच लागते, आणि ती बहुधा कोणा ना कोणाकडे असते. नम्रपणे विचारल्यास पाहू देतात.

---

सुमेधा_व
सोमवार, सायंकाळी ६.४५

लेखात एका गोष्टीचा उल्लेख नाही याचे आश्चर्य वाटले, ती म्हणजे जलपर्णी. मी डिसेंबरात गेले होते तेव्हा एका बाजूचे निम्मे पाणी तिने झाकलेले होते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते यांवर ती पोसते आणि अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिच्याखाली उजेड पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, आणि तुम्ही ज्या पट्ट्यांचे एवढे सुंदर वर्णन केले आहे ते पट्टेच तिथे उरत नाहीत, कारण थापट्याला गाळायला मोकळे पाणी नाही आणि पाणटिवळ्याला खुपसायला चिखल नाही. खोलीचा प्रश्न नंतरचा, आधी पृष्ठभाग तरी शिल्लक राहायला हवा.

---

कमळपक्षी
सोमवार, रात्री ८.३०

माझे नाव पाहून मी जलपर्णीची बाजू घेणार असे वाटेल, आणि थोडी घेणारही आहे. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी आणि वंचक तिच्यावर चालतात, लपतात आणि खातात. मी एका सकाळी केवळ जलपर्णीच्या कडेवर सतरा वंचक मोजले आहेत. त्यामुळे ती पूर्णपणे ओसाड असते असे नाही. मात्र तिच्या कडेला जीवन आहे, पोटात नाही. दहा छोटे तुकडे असतील तर कड भरपूर मिळते, एकच सलग गालिचा झाला तर कड संपते. शिवाय तिच्या बिया चिखलात अनेक वर्षे तग धरतात, म्हणून एकदा काढून काम संपत नाही. काढलेले ढीग काठावरच सोडले की पहिल्या चढत्या पाण्याबरोबर त्यातले बरेच परत आत जाते. हे मी स्वतः पाहिले आहे. चढत्या पाण्याचा हाही एक परिणाम यादीत जोडावा.

जाता जाता एक विनंती. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची छायाचित्रे जानेवारीतील म्हणून टाकताना पाहून टाका. ती लांब शेपटी विणीच्या काळातली असते. हिवाळ्यात ती नसते, आणि अंगही फिके तपकिरी-पांढरे असते. मानेवरच्या पिवळसर पट्ट्यावरून ओळखावे लागते.

---

वाऱ्याची दिशा
मंगळवार, सकाळी ८.१०

आवर्तनाचे उत्तर सर्वांनी फारच पटकन स्वीकारले, असे मला वाटते. उथळ आणि पसरट पाण्यावर दुपारी वारा सुटला की तो पाणी एका काठाकडे लोटतो. समोरच्या काठावर तेवढेच उतरते. चार-सहा बोटे हे प्रमाण वाऱ्याने होणारच नाही असे नाही. पाणथळकर, त्या दुपारी वारा कोणत्या बाजूने होता? आणि पाणटिवळे पश्चिमेच्या बेटावर का गेले, तिथे चिखल उघडा पडला होता म्हणून का?

---

पाणथळकर
मंगळवार, सकाळी १०.००

वही काढून पाहिली. दुपारी एकनंतर वाऱ्याची नोंद आहे आणि तो पश्चिमेकडून, म्हणजे थेट माझ्या तोंडावर येत होता. त्यामुळे तुमची शक्यता मला नाकारता येत नाही. पश्चिमेच्या बेटावर चिखल अधिक उघडा होता की नाही, हे एवढ्या लांबून ठरवता आले नाही. मी एका काठावरच्या एका खुंटावरून सगळ्या जलाशयाबद्दल बोललो, हे आता जरा धाडसाचे वाटते.

---

गणतीकार
मंगळवार, दुपारी १२.२०

वाद उत्तम चालला आहे. मी जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत अनेक वर्षे भाग घेत आलो आहे. १९८७ पासून आशियातील अनेक देशांत ही गणना दर जानेवारीत होते. तिच्या अनुभवावरून एक सांगतो. एकाच आठवड्यात, एकाच जागी, दोन दिवसांच्या आकड्यांत मोठी तफावत येते आणि लोक लगेच पक्षी घटले किंवा वाढले असा निष्कर्ष काढतात. पुष्कळदा पक्षी तेवढेच असतात, पाणी बदललेले असते. चिखल बुडाला की टिलवे कुठल्या तरी शेततळ्यावर किंवा नदीच्या वाळूवर जातात आणि आपल्या रकान्यात शून्य पडते. म्हणून गणनेच्या पत्रकात पाण्याची पातळी, वारा आणि वेळ लिहिणे हे पक्ष्यांच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्यातले बहुतेक जण तो रकाना रिकामा सोडतात. मीही सोडला आहे.

मोजण्याबद्दलही थोडे लिहितो. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजावेत, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवावे, मग त्या मापाने पन्नास, शंभर असे पुढे जावे. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून नंतरच आकडे ताडून पाहावेत. बहुतेक माणसे मोठा थवा कमीच मोजतात. भोवत्याने थवा उठवल्यावर मोजायला जाऊ नये, उडणारा थवा उजव्या-डाव्या बाजूने मिसळतो आणि तेच पक्षी दोनदा मोजले जातात.

---

सुमेधा_व
मंगळवार, दुपारी ३.१५

भोवत्यावरून आठवले. मी गेले होते त्या दिवशी थवा उठवणारा भोवत्या नव्हता, कॅमेरे घेतलेली चार माणसे होती. थव्याचे उड्डाणातले छायाचित्र हवे म्हणून ती मुद्दाम चिखलात उतरून पुढे गेली. दिवसभरात असे तीनदा झाले. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि परतीसाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्यांना प्रत्येक उड्डाणाची किंमत मोजावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातील प्राण्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी मला पक्षी प्राण्यांत मोडतात का, असे विचारले.

---

दुर्बीणवाला
मंगळवार, दुपारी ३.४०

येत्या रविवारी मी जाणार आहे. खुंट नेमका कुठे आहे ते सांगाल का? मला टिलवे वेगळे ओळखता येणार नाहीत, पण बोटे मोजता येतील.

---

पाणथळकर
मंगळवार, दुपारी ४.०५

जागा आपणास संदेशातून कळवतो. शक्य झाल्यास समोरच्या काठावरही एखादी खूण धरा. दोन्हीकडे पाणी एकदम चढले तर आवर्तन, एकीकडे चढून दुसरीकडे उतरले तर वारा. चिखलात उतरू नका, खुंट काठावरून दिसतो. आणि मधूनमधून मागे वळून बांधाकडेही पाहा.

---

दुर्बीणवाला
रविवार, रात्री ९.३०

जाऊन आलो. वारा दिवसभर जवळजवळ नव्हताच. सकाळी साडेसातला हिरवी खूण पाण्याखाली होती, नेमकी किती ते दिसले नाही. अकराला ती पाण्याबरोबर आली, तीनला दोन बोटे वर आणि साडेपाचला तीन बोटे वर. म्हणजे माझ्या दिवशी पाणी चढले नाही, उतरले. समोरच्या काठासाठी एक मित्र सोबत आला होता. त्याने एका दगडावर खूण धरली होती आणि तिथेही जवळपास तेवढेच उतरले. त्यामुळे निदान या रविवारचे श्रेय वाऱ्याला देता येणार नाही. त्या आधीच्या रविवारबद्दल मी काही बोलू शकत नाही.

पक्ष्यांचे असे झाले. सकाळी चिखल अजिबात नव्हता आणि लहान चिखलपक्षी एकही दिसला नाही. अकरानंतर खुंटाच्या अलीकडे फूटभर रुंदीचा ओला पट्टा उघडा पडला. साडेअकराला त्यावर पहिला पक्षी उतरला. तो कोणता ते ठरवता आले नाही, पण पाय काळे होते एवढे पाहिले आहे. तीन वाजता तसे नऊ होते आणि संध्याकाळी तेवीस. ते सगळे नव्या चिखलाच्या अगदी पाण्याकडच्या बाजूला होते, मागच्या सुकत चाललेल्या भागावर एकही गेला नाही.

बांधाकडेही पाहिले. तिथे गवतात एकच होता, हळू चालणारा. त्याचे पाय गवतामुळे दिसले नाहीत.

---

तुतवार
रविवार, रात्री १०.०५

काळ्या पायांचे तेवीस छोटे टिलवे म्हणून लिहून ठेवा. बांधाकडच्या त्या एकट्याला अनोळखीच राहू द्या, आणि पुढच्या वेळी तो उडेपर्यंत थांबा.

---

गोदाकाठ
सोमवार, सकाळी ६.५०

आवर्तन शुक्रवारी बंद झाले.